काटेवाल्याची घाई

काटेवाला माणूस वाईट नव्हता, पण धीर नावाची चीज त्याच्या अंगी औषधालाही नव्हती. चहाला उकळी फुटायच्या आत कप पुढे करायचा. थांब्यावर उभा राहिला की दर दोन मिनिटांनी रस्त्यात उतरून वाकून बघायचा, जणू ह्याने मान लांब केली म्हणजे बस लवकर येणार. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं अरुंद दुकान होतं आणि तिथे तो बिघडलेले वजनकाटे दुरुस्त करायचा. भंगारवाल्यांचे जमिनीवर ठेवायचे दणकट काटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, दवाखान्यातले बाळं तोलायचे काटे. गल्लीत त्याला सगळे काटेवालाच म्हणायचे. त्याच्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण पाय फुटल्यापासून ती एका जागी टिकलेली कुणी पाहिलीच नव्हती. खाण तशी माती, दुसरं काय.

घरात शांत अशी एकच व्यक्ती होती, भिंगरीची आई. ती बसच्या आगारात चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोक काचेवर टकटक करून तेच ते विचारत, आणि ती विचारलं तेवढंच सांगायची. ती सवय घरीही आलेली होती. नवरा अंगणभर पसारा घालून बोलायचा आणि ही चार शब्दांत केर काढायची.

ही तिघं ज्या घरात राहत, त्या घरात एक आकडा चौथा माणूस होऊन राहत होता. तो कुठून आला ते आधी सांगायला हवं.

भिंगरी बारा वर्षांची असताना तिच्या गळ्याशी शेंगदाण्याएवढी गाठ आली. पहिल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, पोरांना येतात अशा गाठी, पडशाच्या, बसतील आपोआप. काटेवाल्याने आयुष्यात एकदाच धीर धरला, तो तेव्हा. सगळा उन्हाळा ते गाठ बसायची वाट बघत राहिले. गाठ काही बसली नाही, उलट तिला शेजारीपाजारी मिळाले. मग मोठ्या रुग्णालयात नेलं आणि तिथे कळलं की हा थायरॉइडचा कर्करोग आहे, मानेतल्या गाठींत उतरला आहे, आणि दोन्ही फुप्फुसांत मोहरीएवढे ठिपके पसरले आहेत. शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढली, मानेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला आणि पुढच्या वर्षी आणखी एकदा. डोस पोटात गेला की पोरीच्या जवळ कुणी जायचं नाही. जाड दाराच्या खोलीत ती एकटी, जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवायचं आणि मागे सरायचं. ज्या पोरीला पाच मिनिटं खुर्चीत बसवत नव्हतं ती तिथे भिंतीकडे बघत बसली होती, आणि बाहेरच्या व्हरांड्यात काटेवाला फरशा झिजवत होता. शाळेचं एक वर्ष त्यात बुडालं.

पण पोरगी तगली. नुसती तगली नाही, चांगली वाढली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, गळ्यावर कॉलरसारखा एक पांढुरका व्रण, आणि वर्षातून एकदा रुग्णालयात रक्ताची तपासणी, एवढंच मागे उरलं. त्या तपासणीत एक प्रथिन मोजत, जे फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. ग्रंथी तर काढलेली, म्हणजे रक्तात ते जेवढं सापडेल तेवढं त्या उरल्यासुरल्या ठिपक्यांचं. तोच हा आकडा. दर वर्षी तो थोडा खाली यायचा, पण शून्य काही व्हायचा नाही. शून्य होत नाही म्हणून काटेवाल्याला स्वस्थता नव्हती. ज्याचा उभा जन्म काटा शून्यावर आणण्यात गेला, त्याला शून्याच्या अलीकडे थांबलेलं काहीही बघवत नाही.

आता भिंगरी अठरा वर्षांची होती आणि तिला भूमापनाच्या संस्थेत जागा मिळाली होती. दूरच्या डोंगराळ भागात राहायचं, खांद्यावर तिवई टाकून चढायचं आणि जमीन मोजायची. अर्ज करणाऱ्यांची रांग मोठी आणि जागा मूठभर. निकाल लागला त्या दिवशी ती घरभर नाचली आणि बापाला म्हणाली, "तुम्ही लोकांचा कांदाबटाटा मोजा, मी डोंगर मोजते."

काटेवाल्यालाही आनंद झालाच. पण त्याच्या आनंदाला नेहमी एक शेपूट असायचं.

"जायच्या आधी रक्त तपासून घेऊ," तो म्हणाला.

"तपासणी पुढच्या महिन्यात आहे ना बाबा? तेव्हा येईन की दोन दिवस."

"पुढच्या महिन्यात कशाला? आपल्या चौकातली लॅब आहे, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतो. रुग्णालयवाले आठवडा लावतात. निर्धास्त होऊन जा."

भिंगरीने हात पुढे केला. एका टोचणीने बाप गप्प बसत असेल तर सौदा स्वस्त होता.

संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा तिघंही घरात होते. काटेवाल्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग खाली बसला. आकडा मागच्या वर्षीच्या दुपटीहून जास्त होता.

"बघू," म्हणून आईने फोन घेतला. बराच वेळ पाहिला. "उद्या रुग्णालयात फोन करू," ती म्हणाली. "बाई काय सांगतात ते ऐकू. तोवर कुणी काही करायचं नाही. कळलं?"

हे 'कुणी' कोणाला उद्देशून होतं ते तिघांनाही ठाऊक होतं.

"कळलं," काटेवाला म्हणाला.

बाई म्हणजे रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी भिंगरीला पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. त्या परिषदेला गेल्या होत्या. त्यांच्या हाताखालच्यांनी तपासणीची तारीख अलीकडे आणली. भिंगरीचं रक्त घेतलं, मानेची सोनोग्राफी केली, छातीचा फोटो काढला, आणि सांगितलं, बाई आल्या की पुढच्या आठवड्यात भेटा, तोवर सगळे निकाल येतील. काटेवाला चौकातल्या लॅबचा कागद घेऊन एकेकाच्या टेबलाशी गेला. जो तो म्हणाला, बाईंनाच दाखवा.

हा मधला आठवडा काटेवाल्याने कसा काढला ते विचारू नका. विचारलंत तर सांगतो. सकाळी उठून तो आधी भिंगरीचा गळा बघायचा, ती बघत नसताना. ती बघत असली तर पाणी पिण्याचं निमित्त करून बघायचा. ती खोकली की ह्याच्या हातातलं पडायचं. जिन्यात तिला धाप लागते का हे पाहायला तो तिच्या मागोमाग जिने चढायचा, आणि वर पोचल्यावर तीच विचारायची, "बाबा, पाणी देऊ का?" दुकानात तर त्याने तमाशाच केला. सोनाराच्या काट्याची तार जिथे जोडायची तिथे न जोडता भलतीकडे जोडली. काटा रिकामा असताना वजन दाखवू लागला. सोनार म्हणाला, "अहो, हवा विकायला लागलो तर श्रीमंत होईन मी." काटेवाला हसलाही नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्याचं तर उलटंच झालं होतं. गाठ बसेल म्हणून एक उन्हाळा थांबला तो त्याला सहा वर्षं जाळत होता, आणि आता थांबायचं म्हटलं की तो उठून चपला शोधायचा. वाट पाहणं म्हणजे पोरीला मारणं, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुणी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या तर पालथ्या घड्यावर पाणी.

एका संध्याकाळी भिंगरी पिशवी भरत होती. कपड्यांच्या घड्या, टोपी, गोळ्यांच्या बाटल्या. काटेवाला दारात उभा राहिला.

"भरू नकोस एवढ्यात."

"का?"

"डोस घ्यावा लागेल बहुतेक. मी बाईंना सांगणारच आहे, लगेच द्या म्हणून."

भिंगरीने हातातला सदरा खाली ठेवला. "तुम्ही सांगणार? डोस तुम्ही घेणार आहात का?"

"तुझ्या भल्यासाठीच..."

"बाबा, ती खोली तुम्ही बाहेरून बघितलीय. मी आतून बघितलीय. डोसच्या आधी महिनाभर गोळी बंद केली होती, आठवतं? चेहरा सुजला होता माझा. जिना चढताना रडायचे मी. वाक्य सुरू केलं की शेवट विसरायचे. बाईंनी सांगितलं घे, तर घेईन. संस्थेचं डोंगरातलं शिबिर झाल्यावर घेईन. पण आकडा बघून तुम्हाला बसवत नाही म्हणून नाही घेणार."

"आणि तिथे डोंगरात काही झालं तर? डॉक्टर आहे का तिथे? मेंढरं आहेत नुसती."

"मेंढरं माझ्याकडे बघून घाबरत तरी नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा घड्या घालू लागली.

हे त्याला लागलं. नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा तो बाहेर गेला आणि स्वयंपाकघरात बायकोपुढे बडबडत बसला, की पोरगी ऐकत नाही, तिला गांभीर्य नाही, अठरा वर्षांची झाली म्हणजे काय शिंगं फुटली. बायको भांडी पुसत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "ती पण घाबरलीय. तुमच्यासारखी आवाज करत नाही एवढंच."

बाईंची भेट दुसऱ्या दिवसावर आली होती. त्या दुपारी काटेवाला दुकानात एक मोठा काटा उघडून बसला होता तेव्हा फोन वाजला. संस्थेतला कारकून बोलत होता. अर्जावर पालक म्हणून ह्याचाच नंबर होता.

"मुलगी येतेय ना? सोमवारपासून मुक्काम डोंगरात आहे. यायची नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे पुढच्या मुलीला कळवता येईल. ती रोज फोन करतेय."

"एक दिवस थांबता येईल का?"

"नाही हो. आज कळवायचंय."

काटेवाल्यापुढे दोनच शब्द होते. हो म्हणायला काही लागत नव्हतं. हो म्हटलं असतं आणि उद्या बाईंनी नको सांगितलं असतं तर एक जागा रिकामी राहिली असती, जगाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे पोरगी तंबूत पडली होती, खोकत होती, आणि आजूबाजूला नुसते दगड होते. आणि खरं सांगायचं तर त्याला काहीतरी करायचं होतं. आठवडाभर हात बांधून बसलेल्या माणसाला कुणी दोरी सोडून दिली की तो समोर विहीर आहे का बघत नाही.

"नाही येणार," तो म्हणाला.

"नक्की? एकदा जागा दिली की परत मिळत नाही."

"नक्की. तब्येतीचं कारण आहे."

फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटलं. चहा मागवला, प्यायला. चहा संपेपर्यंत तो हलकेपणाही संपला. घरी जाऊन सांगू, असं त्याने ठरवलं. घरी गेला तर भिंगरी आईला तिवई कशी उभी करतात ते झाडू आणि दोन लाटण्यांनी दाखवत होती, आणि आई, जी सहसा हसत नाही, ती पदर तोंडाला लावून हसत होती. उद्या बाई सांगतीलच, मग आपोआप कळेल, असं त्याने मनाला समजावलं. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे जेवताना तो कुणाच्या नजरेला नजर देईना. त्या दोघींनी त्याला काळजी समजून आणखी आग्रहाने वाढलं.

दुसऱ्या दिवशी आईला सुट्टी मिळाली नाही. बाप-लेक दोघंच गेले. बाईंच्या खोलीबाहेर बाकं भरली होती. बहुतेक मुलंच. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या हातात खेळण्यातली गाडी. काटेवाला उठत होता, बसत होता, दारावरची पाटी वाचत होता. ती पाटी त्याला सहा वर्षांपासून पाठ होती.

डॉक्टरीणबाई साठीच्या, केस आखूड, बोलणं आखूड. त्यांनी स्क्रीन बघितला, भिंगरीची मान दोन्ही हातांनी चाचपली, पाठीला नळी लावून श्वास ऐकला.

"छान," त्या म्हणाल्या. "कधी निघतेस डोंगराकडे?"

काटेवाल्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने खिशातून कागद काढून टेबलावर आपटला. "बाई, हे बघा. दुप्पट झालाय. दुपटीहून जास्त. डोस आजच द्या. मी पोरीला घेऊन आलोच आहे."

बाईंनी कागद उचलला. वरचं नाव वाचलं. "हे कुठलं?"

"आमच्या चौकातली लॅब. चांगली आहे. लगेच देतात."

"लगेच देतात हे खरं." बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवला. "हा आमच्याकडचा, गेल्या आठवड्यात घेतलेल्या रक्ताचा. आणि हा मागच्या वर्षीचा. वाचा."

त्याने वाचला. ह्या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा केसभर खाली होता.

"म्हणजे लॅबवाल्याने चूक केली?"

"नाही. त्याने त्याच्या यंत्रावर बरोबर मोजलं. आम्ही आमच्या यंत्रावर बरोबर मोजलं. ह्या प्रथिनाचं असंच आहे. वेगळ्या कंपनीचं यंत्र, वेगळी रसायनं, की आकडा वेगळा येतो. कधी दुप्पटही येतो. म्हणून वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी मोजायचं आणि तिथलाच जुना आकडा शेजारी ठेवायचा. दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडले तर माणूस उगाच घाबरून मरतो."

मग भिंगरी खो खो हसत सुटली. इतकी हसली की बाहेरच्या बाकावरचं एक पोर दारातून डोकावलं.

"बाबा! अहो बाबा! तुम्ही! गेल्याच महिन्यात त्या भंगारवाल्याला किती झापलंत! त्याच्या काट्यावर एक वजन, गिऱ्हाइकाच्या काट्यावर दुसरं, तर म्हणालात, अरे अकलेच्या कांद्या, दोन काट्यांचं भांडण लावून खरं वजन कळतं का? लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" तिने डोळे पुसले. "आणि मीही गाढवच. रोज ऐकते आणि मलाही सुचलं नाही."

बाईही हसल्या. दिव्याखाली अंधार असतो तो असा. पण काटेवाला हसत नव्हता, आणि त्याचा चेहरा पाहून बाईंना वाटलं हा अजून घाबरलेलाच आहे. त्या जरा पुढे वाकल्या.

"काटेवाले, नीट ऐका. मुलांमधला हा आजार विचित्र आहे. मोठ्या माणसांपेक्षा मुलांमध्ये तो जास्त पसरलेला सापडतो, आणि तरी मुलंच जास्त चांगली निभावतात. फुप्फुसात ठिपके होते अशी मुलं मी पाहिलीत, ती आता आपल्या मुलांना घेऊन मला भेटायला येतात. ठिपके गेलेत का सगळ्यांचे? नाही. काहींचे तसेच बसून आहेत, काही करत नाहीत. शेवटच्या डोसनंतरही कित्येक वर्षं आकडा हळूहळू उतरत राहतो. हिचा उतरतोय. अशा वेळी शून्य दिसावं म्हणून आणखी डोस ओतणं म्हणजे चांगल्या फुप्फुसांना इजा करणं. आम्ही नजर ठेवतो. ते कामच आहे आमचं. तुम्हाला वाटतं आम्ही काही करत नाही."

"पण शून्य..."

"शून्य नाही झालं तरी ही म्हातारी होईल असं धरूनच मी चाललेय. गोळी चुकवायची नाही, वर्षाला एकदा माझ्याकडे यायचं, इथेच. बाकी डोंगर चढू दे, समुद्रात पोहू दे. पळा आता."

बाहेर आल्यावर भिंगरी पायऱ्या दोन-दोन करून उतरली. रस्त्यावर ऊन होतं, माणसं होती, ती सगळ्यांच्या मधून वाट काढत चालली होती आणि बोलत होती. गेल्या आठवड्यात ती अर्ध्या वाक्यात थांबायची, आता तोंडाचा नुसता पट्टा सुटला होता. काटेवाला मागून येत होता. आनंद त्याच्या छातीपर्यंत येत होता आणि तिथेच अडत होता. एवढी मोठी गोष्ट ऐकली, पोरगी म्हातारी होणार म्हणून ऐकलं, आणि त्याला धड रडताही येत नव्हतं.

"बूट घ्यायचे राहिलेत," ती म्हणाली. "चला, इथंच आहे दुकान. पैसे आहेत माझ्याकडे, आजीने दिलेले."

दुकान छोटं होतं. दुकानदाराने खोकी काढली. भिंगरीने जाड तळव्यांचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारू लागली. टाचेवर उभी राहिली, चवड्यावर उभी राहिली, उडी मारून बघितली.

"सोमवारी ह्यांना घेऊन पहिला डोंगर. कसे दिसतायत?"

काटेवाला स्टुलावर बसला होता. त्याने खोटं बोलायचा विचार केला नाही असं नाही. संस्थेनेच जागा रद्द केली म्हणता आलं असतं. कारकुनाच्या माथी मारता आलं असतं. पण पोरगी समोर उभी होती आणि ती सहा वर्षं त्याच्याशी खरं बोलत आली होती. दुखतंय तेव्हा दुखतंय म्हणाली, भीती वाटतेय तेव्हा वाटतेय म्हणाली.

"बस जरा," तो म्हणाला.

"बसायला कशाला? चालून बघायचेत."

"बस गं. काल संस्थेतून फोन आला होता." आणि त्याने सांगितलं. कारकून काय म्हणाला, आपण काय म्हणालो, सगळं. मधे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं आलं नसतं. दुकानदार खोक्यांमागे जाऊन काहीतरी शोधू लागला.

भिंगरीने फोन काढला. संस्थेचा नंबर लावला. "हो," ती म्हणाली. "हो. मी स्वतः. नाही, तब्येत चांगली आहे. चूक झाली." मग बराच वेळ ऐकत राहिली. "अच्छा. कालच का? हो. नाही, तिचा काय दोष. पुढच्या वर्षी कधी निघतात अर्ज?" फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. काटेवाल्याने तिला अशी, इतकी स्थिर, फक्त त्या जाड दाराच्या खोलीत पाहिली होती.

"मी आत्ता जातो तिथे," तो म्हणाला. "संध्याकाळची गाडी पकडतो. पाया पडतो त्यांच्या. रिपोर्ट दाखवतो."

"नको बाबा. बसा."

"अगं पण..."

"बसा ना जरा!" ती ओरडली, आणि मग आवाज खाली आणला. "आजाराने माझं एक वर्ष नेलं. ते मी कुणाला बोलून नाही दाखवलं, कारण आजाराला काय बोलणार. हे दुसरं वर्ष तुम्ही नेलंत."

तिने खाली वाकून नाड्या सोडल्या. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

"परत ठेवू का?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"नाही. बांधा." तिने नाक पुसलं. "वर्षभराने पाय काही वाढणार नाहीत माझे."

पैसे तिने दिले. काटेवाल्याने खोकं उचलायला हात पुढे केला, तर तिने ते काखेत घेतलं आणि बाहेर पडली. तो उठेपर्यंत ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती. त्याने पावलं उचलली, पण ती पोरगी चालायला लागली की तिला गाठणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

खिशात फोन वाजला. बायको होती. मागे आगारातला गोंगाट, गाड्यांचे भोंगे, कुणीतरी काचेवर टकटक करत असलेलं.

"काय म्हणाल्या बाई?"

"आकडा उतरलाय. चौकातलं यंत्र वेगळं म्हणून तसा आला. काही करायचं नाही म्हणाल्या. म्हातारी होईल म्हणाल्या."

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, मग एक हुंदका, मग ती कुणाला तरी म्हणाली, थांबा हो, एक मिनिट थांबा. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कामावर असताना रडलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"तिच्याकडे द्या फोन. तिच्या तोंडून ऐकू दे."

"ती पुढे गेलीय."

टकटक चालूच होती.

"काय केलंत तुम्ही?" बायकोने विचारलं.

काटेवाला भर रस्त्यात थांबला. माणसं त्याला चुकवून दोन्ही बाजूंनी जात होती. त्याने फोन कानाशी घट्ट धरला आणि तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.